फ्यूजा कमरेला बांधून

गेल्या महिन्यात आमच्या पाणी संस्थेनं धुळा बंडगरचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा आणि मागं भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर धुळाचा फोटो, त्याच्या दुप्पट चेअरमन नानासोंचा फोटो, आणि खाली लाल अक्षरांत 'जिवावर उदार होऊन पाण्यात उडी घेणारा ढाण्या वाघ'. वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

जिवावर उदार कोण? धुळा? गेली चार वर्षं मी त्याचा दोर धरतोय, मला विचारा. त्याच्याइतका जिवाला जपणारा माणूस मी माझ्या बासष्ट वर्षांत पाहिलेला नाही. आणि उडी तर त्यानं जन्मात घेतलेली नाही. शिडीनं उतरतो, पाण्याकडं पाठ करून, एकेक पायरी चाचपत. वर येताना दोनदा थांबतो. कुणाला उड्या मारणारा वाघ पाहिजे असेल तर त्यानं सर्कशीचं तिकीट काढावं.

मी इलाही नदाफ. एकतीस वर्षं वायरमन होतो. पलूस तालुक्यात कृष्णाकाठी आमचं गाव आहे, आणि आसपासच्या अकरा गावांत असा एक खांब नाही ज्यावर मी चढलेलो नाही. रिटायर झालो आणि दोन महिन्यांत एकवीस सालचा पूर आला. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या मोटरी गाळात रुतल्या होत्या, आणि ज्याला त्याला पाण्यात उतरणारा माणूस हवा होता. माझ्या मेव्हण्याच्या विहिरीतली मोटर काढायला जतकडचा एक धनगर येणार असं कळलं, तेव्हा सगळे हसले. जतमध्ये पाणी टँकरनं येतं. तिथला माणूस पाण्यात काय बुडी मारणार?

तो आला पिकअपमधून. वय पस्तिशीचं, अंगानं काटक, मिशी नाही. गाडीतून त्यानं आधी एक काळं घोंगडं काढून जमिनीवर अंथरलं आणि त्यावर सामान मांडायला लागला. मोठी टाकी एक, छोटी टाकी एक. तोंडात धरून श्वास घ्यायच्या नळ्या दोन, दोन्ही वेगवेगळ्या टाक्यांच्या. चष्मे दोन. बॅटऱ्या दोन. मेंढराची लोकर कातरायच्या कात्र्या दोन, एक छातीवर अडकवायला, एक पोटरीला. दोर दोन, एक पांढरा आणि एक निळा. मेव्हणा म्हणाला, "आरं, इहिरीत उतरायलाइस का पोरीचं लगीन काढलंइस?"

धुळानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मला विचारलं, "मामू, पेटीतल्या फ्यूजा कोन काढून देनार?"

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. कारण एकतीस वर्षांत मला कुणी शहाणपणाचा असा प्रश्न विचारला नव्हता. आमच्या धंद्यात नियम होता, खांबावर चढायचं तर खालच्या पेटीतल्या फ्यूजा काढून स्वतःच्या खिशात घालायच्या. खाली कुणी कितीही गाढव असलं तरी तुमच्या खिशातली फ्यूज त्याला सापडत नाही. मी मेव्हण्याच्या पेटीतल्या तिन्ही पांढऱ्या फ्यूजा उपसल्या आणि धुळाला म्हणालो, "ह्या माझ्याकडं न्हाई ठेवायच्या. तूच कमरेला बांध. खाली तू असनार, मी न्हाई."

त्यानं एका फडक्यात त्या गुंडाळल्या, धनगरी गाठ मारली आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवल्या. तेव्हापासून त्याचा दोर मीच धरतो. मला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

धुळाचा जन्म मेंढरांतला. लहानपणी बापाबरोबर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कृष्णाकाठी उतरायचा, आणि पाणी पहिल्यांदा बघितलं ते इथंच. पोहायला शिकला नदीकाठच्या मळीतल्या डोहात, म्हशीच्या शेपटीला धरून. पुढं बाप गेला, कळप चुलत्यांत वाटला गेला आणि हा विशीत मालवणला गेला. तिथं पर्यटकांना समुद्राच्या तळाचे मासे दाखवतात, त्या बोटीवर टाक्या उचलायच्या कामाला लागला. आठ वर्षं राहिला. पहिली दोन वर्षं नुसत्या टाक्या वाहिल्या, मग मालकानं बघितलं की हा पोरगा सामान तपासताना जीभ चावून तपासतो, म्हणून त्याला खाली उतरायला शिकवलं. रीतसर परीक्षा दिली. पाचवी शिकलेला माणूस, पण हवेचा दाब आणि पाण्याचा दाब मला असा समजावून सांगतो की मला माझ्या आयटीआयच्या सरांची कीव येते.

तिथला पहिला नियम, एकट्यानं उतरायचं नाही. कायम जोडी. एकाची हवा संपली तर दुसऱ्याच्या टाकीवर दोघं वर येतात. एकाचा पाय अडकला तर दुसरा सोडवतो. धुळा गावाकडं परत आला तेव्हा त्याला कळलं की सांगली आणि सातारा दोन्ही जिल्ह्यांत काम भरपूर आहे, जोडीदार मात्र एकही नाही. वर्षभर त्यानं शोधला. मग शोधायचं सोडलं, आणि जोडीदाराचं सगळं सामान स्वतःच्याच अंगावर चढवून उतरायला लागला. छोटी टाकी म्हणजे त्याचा जोडीदार. तिची नळी पिवळी आहे, आणि ती कायम हनुवटीखाली रबरानं अडकवलेली असते. हात न लावता नुसती मान खाली घातली की तोंडात यावी अशी.

मी एकदा म्हणालो, "लय वजन हुतं रं."

"मामू, मेंढरामागं एक कुत्रं ठेवलं तर लांडगं दुसऱ्या अंगानं येतं. दोन ठेवली म्हंजे इचार करतं."

हवा तो तीन हिश्शांत वाटतो. एक हिस्सा कामाला, एक वर यायला, आणि एक ज्याला हातच लावायचा नाही. पहिला हिस्सा संपला की हातातलं काम अर्धं असो नाहीतर बोटभर उरलेलं असो, हा निघाला वर. लोकांना ह्याचाच राग. पाटणला कोयनेच्या फुगवट्यात एका बोटीचं इंजिन काढताना शेवटचा एक बोल्ट राहिला होता, आणि हा वर आला. बोटवाला कपाळावर हात मारून घ्यायला लागला. धुळा म्हणाला, "बोल्ट हितंच ऱ्हातोय, आपन जेवून येऊ." जेवून, दोन तास थांबून, दुसरी टाकी लावून मग गेला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या घरी एक खेळ चालतो, तो मी पाहिलाय. घोंगड्यावर सामान मांडून धुळा डोळ्यांना पंचा बांधतो. विहिरीच्या तळाला दुपारी बारालाही स्वतःचा हात दिसत नाही, म्हणून. मग हातांनी चाचपत सगळं अंगावर चढवतो. त्याची बायको रंगुबाई मुद्दाम एखादी वस्तू उचलून पदराखाली धरते. त्यानं ती ओळखायची. एकदा तिनं छातीवरची कात्री लपवली आणि त्याच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी तिनं त्याला जाऊ दिलं नाही. सरळ पिकअपची किल्ली घेऊन ती मेंढरांकडं गेली. ह्या बाईचा सत्कार कुणी केला नाही.

आता नानासोंकडं येतो. आमच्या गावात चाळीस वाटेकऱ्यांची पाणी संस्था आहे. नदीकाठाला मोठी गोल विहीर, तिला आम्ही जॅकवेल म्हणतो. नदीचं पाणी मोरीतून तिच्यात येतं, तळाला दोन मोटरी शेजारीशेजारी बसवलेल्या, त्या पाणी उपसून वर शेतात पाठवतात. पुराच्या भीतीनं विजेची पेटी वर टेकाडावर, विहिरीपासून साठ पायऱ्या चढून. नानासो ह्या संस्थेचे चेअरमन. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणत होतो.

नानासोंना धुळाच्या दोन टाक्यांचं फार हसू. "आमच्या आज्याच्या काळात कंबरला धोंडा बांधून गडी तळाला जायचा, आन तोंडात सुपारी असायची," असं ते प्रत्येक वेळी सांगतात. तो गडी किती वर्षं जगला हे सांगत नाहीत. एकदा म्हणाले, "टाक्या भराय मालवणला कशाला पळतोस? हितं चौकात पंक्चरवाला हाय की. हवा ती हवाच."

मी म्हणालो, "आवं नानासो, त्या मशिनच्या हवेत तेल असतंय. टायरला खोकला हुत न्हाई, मानसाला हुतो."

सगळे हसले. नानासोही हसले. त्यांना ती गंमतच वाटली.

एप्रिलमध्ये जॅकवेलची एक नंबर मोटर पाणी उचलेना. तिच्या तोंडाशी असलेल्या जाळीत काहीतरी अडकलं होतं. धुळाला बोलावलं, साडेनऊची वेळ ठरली. त्या आठवड्यात शेतीची लाईट दुपारी बाराला यायची, म्हणजे अडीच तास हातात. धुळाला दीड पुरले असते. आम्ही नवालाच हजर. मी वर जाऊन दोन्ही मोटरींच्या मिळून सहा फ्यूजा काढल्या. एक नंबरच्या तीन आणि दोन नंबरच्याही तीन, कारण धुळाचा नियम, विहिरीत माणूस असताना विहिरीतलं काहीच चालू नको. त्यानं त्या फडक्यात बांधून कमरेला अडकवल्या.

आणि मग आम्ही बसलो. का? तर नारळ चेअरमनच्या हातून फुटायचा होता, आणि चेअरमन सांगलीत विश्रामबागला कुणाच्या तरी साखरपुड्याला गेले होते. ते आले सव्वाअकराला, बरोबर मोबाईलवर शूटिंग करणारा पुतण्या. नारळ फुटला, तो नीट आला नाही म्हणून दुसरा फुटला. धुळानं घड्याळ बघितलं.

"नानासो, आता लाईट याची येळ झाली. उद्या सकाळी उतरतो."

"उद्या? आन चाळीस मानसांची पान्याची पाळी कोन देनार? आरं, फ्यूजा तुझ्या कमरंला हाईत. लाईट आली काय आन गेली काय."

धुळानं माझ्याकडं पाहिलं. मी काय म्हणालो ते इथं लिहून ठेवतो, कारण ते मला कुणी विचारलेलं नाही. मी म्हणालो, "बरुबर हाय रं. फ्यूजा हाईत की आपल्यापाशी."

तो उतरला. पांढरा दोर त्याच्या छातीच्या पट्ट्याला, दुसरं टोक माझ्या हातात. निळा दोर सामानाचा. पांढरा एकदा ओढला म्हणजे ठीक आहे, दोनदा म्हणजे सैल सोड, तीनदा म्हणजे ओढ. दर पाच मिनिटांनी मी एकदा ओढायचं आणि त्यानं उत्तर द्यायचं. पहिलं उत्तर आलं. दुसरं आलं. तिसऱ्या वेळी त्यानं निळ्याला बांधून एक गाठोडं वर पाठवलं, गाळानं माखलेली साडी. लोक नदीला ओटी भरतात, साडी सोडतात, ती वाहत येऊन मोरीतून आमच्या जाळीत बसते. आई म्हणायचं आणि तिच्या घशात कापड कोंबायचं. धुळाला अशा साड्या एकेका विहिरीत पाच-सहा मिळतात. मग त्यानं पांढरा दोनदा ओढून सैल मागितला, म्हणजे अजून एखादी होती.

बाराला लाईट आली. मला कळलं, कारण टेकाडावरचा दिवा लागला. मी निश्चिंत होतो.

बारा वाजून दहा मिनिटांनी वरच्या लोखंडी पाइपला हिसका बसला, पाइप थरथरला आणि विहिरीतून घुमल्यासारखा आवाज आला. तो आवाज मी झोपेतसुद्धा ओळखतो. मोटर चालू झाली होती. एक नंबरची नाही, शेजारची दोन नंबरची. त्याच क्षणी माझ्या हातातला दोर ताठ झाला. मी एकदा ओढला. उत्तर नाही. पुन्हा ओढला. खाली कुणीतरी मोठ्या माणसानं धरून ठेवावा तसा तो जागचा हलेना.

मी वर बघून ओरडलो, "बंद कर! बंद कर!" पाइपाच्या आवाजात मलाच माझं ऐकू येईना. दोर धरणाऱ्यानं दोर सोडायचा नसतो, हा पहिला नियम. आणि पेटी साठ पायऱ्या वर. पुतण्या नारळाचं शूटिंग उरकून केव्हाच गेला होता, आणि माझ्याजवळ एकच माणूस होता, नानासो. मी त्यांच्या हातातला मोबाईल काढून खाली टाकला आणि त्यांच्या दोन्ही तळव्यांभोवती दोर गुंडाळला.

"धरा. सोडला तर मी तुमाला सोडनार न्हाई. तीनदा वढला तर वढा, न्हाईतर नुस्तं धरा."

"मी?" नानासो म्हणाले.

मी पळालो. बासष्ट वर्षांचे गुडघे, साठ पायऱ्या. वर पेटीच्या खोलीत मोटर चालू-बंद करणारा ऑपरेटर कृष्णात खुर्चीवर बसून फोनवर कुणाला तरी सांगत होता, "आलं बघा पानी, दारं धरा." मी त्याच्या अंगावरून हात घालून मेन स्विच खाली पाडला. आवाज थांबला. मग मी पेटीत पाहिलं.

दोन नंबरच्या मोटरीच्या तिन्ही जागा जिथं मी रिकाम्या सोडल्या होत्या, तिथं फ्यूजच्या ऐवजी नुसत्या तांब्याच्या तारा घातल्या होत्या. जाड, दुहेरी. दोन वेढे देऊन टोक आत दुमडलेलं, हाताला लागू नये म्हणून.

मी परत साठ पायऱ्या उतरलो. नानासो दोर धरून बसले होते, पाय रोवून, डोळे मिटून. तळवे सोलले होते. मी पोचलो तेवढ्यात दोर तीनदा ओढला गेला आणि आम्ही दोघांनी मिळून ओढला. थोड्या वेळानं पाण्यावर बुडबुडे आले आणि मग धुळाचं डोकं. तोंडात पिवळी नळी होती.

तसल्या वेळीही तो शिडीनं, एकेक पायरी चाचपत आला, आणि वाटेत दोनदा थांबला. वर येऊन घोंगड्यावर बसला आणि अंगावरचं सामान चाचपायला लागला. पोटरीची कात्री नव्हती. मोठ्या टाकीची नळी मधेच फाटली होती. डाव्या मनगटावर साडीचा हिरवा तुकडा आवळून बसला होता, आणि त्याखाली हात निळा झाला होता.

मग त्यानं सांगितलं, नेहमीच्या आवाजात. दुसऱ्या, लांबड्या साडीचं एक टोक त्यानं मनगटाला गुंडाळलं होतं, ओढून काढायला. मोकळा भाग पाण्यात तरंगत होता. शेजारची मोटर सुरू झाली, तिनं तो खेचला. साडीबरोबर हात गेला, हाताबरोबर नळी गेली, आणि तोंडातलं निसटलं. त्यानं मान खाली घातली, पिवळी नळी तोंडात घेतली. एक श्वास घेतला. मग छातीवरच्या कात्रीनं साडी कापायला लागला. ती हातातून सुटली. पोटरीची काढली आणि तिनं कापली.

"आन मग ती पन सुटली," तो म्हणाला. "छातीची दोरीला व्हती, ती ऱ्हायली."

दोन टाक्या, दोन नळ्या, दोन कात्र्या. पोरीचं लगीन काढलं होतं म्हणे.

नानासोंनी सोललेल्या तळव्यांवर फुंकर घातली. मग त्यांनी विचारलं, आणि मी हे माझ्या कानांनी ऐकलंय, "एक नंबरची जाळी झाली का मोकळी?"

धुळा म्हणाला, "झाली."

"मग त्या फ्यूजा तेवढ्या दे बाबा. लाईट हाय तवर पानी तरी काढू."

धुळानं कमरेचं गाठोडं सोडलं आणि तसंच, गाठ न सोडता, त्यांच्या पुढ्यात ठेवलं.

तोवर कृष्णात खाली आला होता. मी त्याच्या गळपट्टीला धरलं. "फ्यूजा काढल्याल्या दिसल्या न्हाईत तुला? खाली मानूस हाय म्हाईत न्हवतं?"

"म्हाईत व्हतं की. पर तो एक नंबरपाशी व्हता. मी दोन नंबर चालू केली. तिला काय झालं व्हतं?" तो खरंच विचारत होता. "लोकांचं फोनवर फोन. आन मामू, फ्यूजा नसल्या तर तार टाकायची, हे तुमीच शिकीवलं न्हाई का? ती गाठ तुमचीच हाय की."

माझा हात वर उचललेला होता, तो मी खाली घेतला.

कारण ते खरं होतं. पेटीत पाहिलं तेव्हाच मला ते कळलं होतं. दोन वेढे आणि टोक आत दुमडलेलं. पंचवीस वर्षांपूर्वी पिकं वाळत होती, लाईट जेमतेम सहा तास यायची, त्यात बारीक तारेची फ्यूज दर तासाला उडायची आणि माणसं माझ्या दारात येऊन उभी राहायची. मी त्यांना जाड तार घालून द्यायचो. मग रोज कोण जाणार म्हणून शिकवून ठेवलं. अकरा गावांत शिकवलं. लोक मला चहा पाजायचे, 'आमचा मामू, देव मानूस' म्हणायचे. आणि मी स्वतः खांबावर चढताना मात्र फ्यूजा खिशात घालायचो. माझा जीव तेवढा जीव. ह्याचा राग कुणावर काढू?

परत येताना मी धुळाला सांगितलं, "दोर धराय दुसरा मानूस बघ."

तो गाडी चालवत होता, उजव्याच हातानं. मग म्हणाला, "सगळं दोन-दोन घेतलं मामू. वर मानूस तेवढा एकच ठेवला. ती चूक माझी. तुमी दोर सोडला नसता तर मोटर बंद झाली नसती, आन दोर तर सोडायचा नस्तो. आसं इचित्र काम एका मानसाला द्याचंच न्हाई."

तेव्हापासून माझी बायको फरीदा आमच्याबरोबर येते. पेटीच्या दारात खुर्ची टाकून बसते, डब्यासकट. काम संपेपर्यंत पेटीला माझं कुलूप, किल्ली तिच्या बटव्यात, फ्यूजा धुळाच्या कमरेला. कुणी जवळ आलं की म्हणते, "पाळीचं काय ते चेअरमनला सांगा, मला ऐकू येत न्हाई." तिचे कान उत्तम आहेत.

तर असा हा जिवावर उदार माणूस. सत्काराच्या दिवशी मंडपात भाषणं झाली. नानासोंचे तळवे अजून पट्टीत होते, आणि पट्टीला एप्रिलपासून आता पाऊस लागेपर्यंत काय काम होतं हे मला विचारू नका. 'स्वतःच्या हातांची सालटी काढून अध्यक्षांनी एका तरुणाला मृत्यूच्या दाढेतून ओढलं,' असं निवेदक म्हणाला. टाळ्या पडल्या. धुळाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो माईकपाशी गेला, म्हणाला, "साड्या सोडू नका नदीत," आणि परत येऊन बसला. लोकांना वाटलं, तो पर्यावरणाचं बोलला.

जेवणं सुरू झाली तशी मी उठलो. मंडपापासून टेकाड जवळच होतं. मोटरी चालू होत्या, पाइप थरथरत होता. मी साठ पायऱ्या चढलो, सावकाश. कृष्णात जेवायला गेला होता, खोली उघडीच. पेटीच्या वरच्या फळीवर, धुळीत, धुळाचं गाठोडं होतं. सहा फ्यूजा आत, आणि वरची धनगरी गाठ जशीच्या तशी. ती कुणी सोडलीच नव्हती.

मी पेटी उघडली. सहा जागा, सहा जाड तारा. दोन वेढे आणि टोक आत दुमडलेलं.

मी मेन स्विच पाडला. मग पक्कड काढली, ती आजही माझ्या खिशात असते, आणि एकेक तार उपसली. मंडपाची लाईट ह्याच पेटीवरनं घेतली होती; खाली पंखे थांबले, माईक बंद पडला. मग गाठोड्याची गाठ सोडायला लागलो. धनगरी गाठ, लवकर सुटत नाही. तेवढ्यात कृष्णात हात न धुताच धापा टाकत वर आला.

"मामू, काय झालं? तार कुनी काढली?"

"ज्यानं घातली हुती त्यानं," मी म्हणालो. "जा, जेवून घे."